फेरीचा खर्च : नगर जिल्ह्यातील जुनाट आजार आणि परवडणारे उपचार

जुनाट आजाराचा खर्च दोन ठिकाणी होतो. एक दुकानाच्या बिलावर दिसतो. दुसऱ्याचा कागद कुठेच नसतो. एसटीचे भाडे, रोग्याचा खाडा, सोबत आलेल्या माणसाचा खाडा, शहरातला मुक्काम आणि मागे राहिलेल्या जनावरांसाठी शेजाऱ्याची मनधरणी, हे सगळे त्यात येते. विषमज्वराला ही ओढाताण एकदाच सोसावी लागते. क्षय, कुष्ठरोग, मधुमेह किंवा मूत्रपिंडाच्या विकारात मात्र ती महिन्यामागून महिना चालू राहते, आणि उपचार अर्धवट सुटतात ते बहुधा तिच्यामुळेच. अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा आहे. १७,०४८ चौरस किलोमीटर आणि १४ तालुके. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचे कडे आहेत, तर आग्नेयेला जामखेडच्या पलीकडे बीड आणि धाराशिवचा मुलूख लागतो. एवढ्या पसाऱ्यात उपचार स्वस्त करायचे, तर औषधाच्या किमतीइतकाच अंतराचाही विचार करावा लागतो.

आधुनिक वैद्यक जिल्ह्यात आणले ते प्रामुख्याने मिशनऱ्यांनी आणि सरकारी दवाखान्यांनी. अमेरिकन मराठी मिशनचे नगरमधले काम १८३१ मध्ये सुरू झाले, पण बराच काळ त्याचा भर शाळा आणि धर्मप्रचारावर होता. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या संधिकाळात मिशनच्या घरांतल्याच मुली वैद्यक शिकून नगरला परतल्या. डॉ. ज्युलिया बिसेल त्यांपैकी एक. दुष्काळात केलेल्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम यांच्या कन्या डॉ. रूथ ह्यूम या दुसऱ्या. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायका-मुलांसाठी रुग्णालय उभारले. पुढे ते सॅल्व्हेशन आर्मीकडे गेले आणि बूथ हॉस्पिटल म्हणून नगरकरांच्या ओळखीचे झाले. माफक दरात उपचार करण्याचा त्याचा लौकिक टिकून आहे. २०२० च्या करोना साथीत जिल्ह्यातले अनेक रुग्ण तिथे मोफत बरे झाले.

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाल्यावर रुळांच्या आसपासच्या गावांना नगर जवळ आले. जामखेड, पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांना त्याचा फारसा उपयोग नव्हता. तिथून नगर गाठायचे तर बैलगाडीत दीड-दोन दिवस जात, म्हणून आजार अंगावर काढायचा, वैदूची मुळी घ्यायची किंवा देवाला कौल लावायचा, हीच रीत होती. वैद्यकीच्या देशी परंपरेलाही याच शहराने संस्थेचे रूप दिले. गंगाधरशास्त्री गुणे यांचे आयुर्वेद महाविद्यालय १९१७ पासूनचे. तिथे शिकलेले वैद्य तालुक्याच्या बाजारपेठांत बसू लागले आणि संधिवात, दमा, पोटाच्या तक्रारी असल्या दीर्घ दुखण्यांना परवडेल असा एक पर्याय जवळपास मिळू लागला. त्याच सुमारास, १९२० च्या दशकात, नगरजवळच्या अरणगाव इथे मेहेरबाबांनी वसवलेल्या मेहेराबादेत मोफत दवाखाना आणि कुष्ठरोग्यांसाठी आश्रय सुरू झाला. तो फार काळ चालला नाही. तरी ज्यांना गावात पाणवठ्यावरही उभे करत नसत, त्यांना स्वतः आंघोळ घालणारा आध्यात्मिक गुरू ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

कुष्ठरोगाबाबतचा सरकारी दृष्टिकोन वेगळा होता. १८९८ च्या कायद्यानुसार भीक मागत हिंडणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात ठेवता येई. (हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले.) क्षयाचेही वळण असेच, रोग्याला घरापासून दूर ठेवण्याचे होते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार असलेले आरोग्यधाम हा त्यावरचा मान्य उपाय होता आणि तो परवडणारे मोजकेच होते. १९५० च्या दशकात मद्रासमध्ये झालेल्या चाचण्यांनी हे चित्र बदलले. दाटीवाटीच्या घरात राहून औषधे घेणारा गरीब क्षयरोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो आणि घरच्यांना त्याच्यापासून होणारी लागणही वाढत नाही, असे त्यांत दिसून आले. म्हणजे उपचार घरी नेता येत होते. वर्ष-दीड वर्ष रोज ते कोणी द्यायचे, याचे उत्तर मात्र मद्रासच्या चाचणीत नव्हते.

जिल्ह्यातल्या रुग्णालयांचा नकाशा पुढे पाण्याने आखला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर उत्तरेकडच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने सहकारी साखर कारखाना काढला. १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले. कारखान्यामागून शाळा, तंत्रनिकेतने आणि दवाखाना आला. प्रवरेचे ग्रामीण रुग्णालय १९७० च्या दशकातले आणि वैद्यकीय महाविद्यालय १९८४ चे. वैद्यकीय महाविद्यालय असले की शिकाऊ डॉक्टर असतात, खाटा भरलेल्या ठेवाव्या लागतात, आणि त्यातून गरीब रुग्णाला स्वस्तात तज्ज्ञ भेटतो. शिर्डी संस्थानची रुग्णालयेही याच उत्तर भागातली. दक्षिणेकडे पाथर्डी, कर्जत, जामखेड हे जिरायत तालुके. तिथे ना कालवा, ना कारखान्याचा पैसा. दिवाळी सरली की टोळ्या कोयता घेऊन उत्तरेला किंवा पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जात आणि उन्हाळा तोंडावर आला की परतत. मुकादमाची उचल फेडायची असल्यामुळे आजारी माणूसही मागे राहत नसे. सरकारी केंद्रात सुरू झालेला क्षयाचा उपचार अशा घरांत सहा महिने खंडित होत असे. साखरेने उत्तरेत रुग्णालये उभी केली आणि दक्षिणेतल्या रोग्यांना औषधापासून लांब नेले.

या दक्षिणेतल्या जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आले. रजनीकांत याच जिल्ह्यातल्या सुप्याचे. दोघांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतले होते आणि १९६० च्या दशकात नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले होते. वडाळ्याचा दवाखाना भरलेला असे आणि नावाजलेलाही होता. पण बरे होऊन गेलेली माणसे काही महिन्यांनी तेच दुखणे घेऊन परत येत. हा अनुभव घेऊन दोघे अमेरिकेला गेले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकताना त्यांना कार्ल टेलर भेटले. टेलर हे भारतातच जन्मलेले मिशनरी घराण्यातले डॉक्टर. सबंध तालुक्यासाठी योजना तिथे आखली गेली, आणि ती राबवायला त्यांनी मुद्दाम पाण्याची, रस्त्यांची आणि दवाखान्यांची वानवा असलेला प्रदेश निवडला. जामखेडमध्ये पहिला बाह्यरुग्ण विभाग भरला तो जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत.

आरोळ्यांच्या या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची सुरुवातीची कल्पना पुस्तकातली होती. गावोगाव प्रशिक्षित नर्स ठेवायची, आठवड्याला जीपमधून डॉक्टर जाणार. ती चालली नाही. बाहेरून आलेली तरुण, अविवाहित मुलगी खेड्यात एकटी राहायला कचरे आणि तिचे सांगणे म्हाताऱ्या सासवा मनावर घेत नसत. तेव्हा गावातलीच बाई निवडावी, हा मार्ग गावकऱ्यांशी बोलताबोलता पुढे आला. निवडल्या गेलेल्या बहुतेक जणी मध्यमवयीन होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि पुष्कळ जणी दलित वस्तीतल्या होत्या. आठवड्यातले एक-दोन दिवस त्या जामखेडला येत, मुक्काम करत, चित्रांवरून शिकत, आपापल्या गावातले अनुभव एकमेकींना सांगत आणि परतून तेच गावात सांगत. पुरुषांना एकत्र आणण्यासाठी व्हॉलीबॉलचे मैदान उपयोगी पडले. खेळायला जमलेल्या तरुणांतून शेतकरी मंडळे उभी राहिली आणि मग महिला मंडळे. आरोग्याच्या इतिहासात व्हॉलीबॉलला फारशी जागा मिळत नाही. जामखेडपुरती ती द्यायला हवी.

बालमृत्यू आणि बाळंतपणे यांवरच्या कामामुळे जामखेडचे नाव झाले. संस्थेच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये या गावांतला अर्भकमृत्यूचा दर हजारी १७६ होता आणि पुढच्या दोन दशकांत तो अनेक पटींनी खाली आला. दीर्घ आजारांच्या बाबतीत जे घडले, त्याची चर्चा कमी होते, पण पद्धतीची खरी कसोटी तिथे लागली. कुष्ठरोगावरची डॅप्सोनची गोळी स्वस्त होती, सरकारी दवाखान्यात फुकटही मिळे. तरी रोगी येत नसत. स्वतंत्र कुष्ठरोग दवाखान्याच्या दारात दिसणे म्हणजे आजार जाहीर करणे. त्यातून मुलीचे लग्न मोडे, घर वाळीत पडे. आरोळ्यांनी वेगळा दवाखाना, वेगळा वॉर्ड ठेवलाच नाही. कुष्ठरोगी इतरांबरोबर त्याच रांगेत बसे आणि त्याच खाटांवर निजे. पाठीवरचा बधिर चट्टा ओळखायचे काम गावातल्या आरोग्य कार्यकर्तीचे. परक्या पुरुष डॉक्टरापुढे जी बाई पाठ उघडी करणार नाही, ती न्हाणीघरात शेजारणीला ती दाखवते. चट्टा लवकर सापडला की बोटे झडण्याआधीच उपचार सुरू होतात, आणि विद्रूपता नसली की लपवण्याचे कारणही उरत नाही.

गोळी घरपोच मिळाल्याने फेरी वाचली. ती रोज घेतली जाते की नाही, हेही शेजारीण पाहत असे. तिला त्यासाठी वेगळी हजेरी मांडावी लागत नव्हती, कारण पाणी भरताना सगळे कळे. क्षयरोग्यालाही हाच फायदा झाला. शिवाय ऊसतोडीला निघालेल्या माणसाला पुरेशी औषधे सोबत बांधून देता येत होती, कारण तो कधी निघणार हे कार्यकर्तीला आधीच ठाऊक असे. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुष्ठरोगासाठी एकापेक्षा जास्त औषधांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली आणि अनेक वर्षे, काहींना जन्मभर, चालणारे उपचार महिन्यांवर आले. सर्वत्र त्याचा लाभ झाला. पण जिथे रोगी आधीच नोंदलेले आणि विश्वासाने जोडलेले होते, तिथे नवे औषध पोहोचायला वेळ लागला नाही.

१९७२ च्या दुष्काळाने या कामाला अनपेक्षित हातभार लावला. विंधनविहिरी खोदायला मदत मिळाली तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसतील याची काळजी घेतली गेली. पाणी हवे असेल तर सगळ्यांनीच तिकडे जायचे. शिवाशिव त्यामुळे संपली, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण ज्या वस्तीतल्या बाईच्या हातून औषध घ्यायला लोक बिचकत होते, तिथे घागर घेऊन रोज जावे लागू लागले, हा फरक मोठा होता.

रुग्णालयातही खर्च कमी ठेवण्याच्या युक्त्या साध्याच होत्या. मोजकी आणि सर्वसाधारण नावाची औषधे, नातेवाइकांना आवारात स्वयंपाकाची मुभा, देणाऱ्याकडून माफक फी आणि नसलेल्याला सूट. अपंगांसाठी जयपूर फूट आणि कॅलिपर बनवणारी कार्यशाळा जामखेडलाच निघाली. जयपूर फूट हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेले रबरी पाऊल. ते घालून मांडी घालता येते, चिखलात चालता येते आणि झिजले तर गावातल्या कारागिराला दुरुस्त करता येते. आयात केलेला पाय मोडला की शहरात न्यावा लागे, म्हणजे पुन्हा फेरी आलीच. कुष्ठरोगातून बरे झालेल्या काहींना अशा कामात रोजगारही मिळाला.

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या एका ग्रंथात जामखेडवर प्रकरण आले आणि १९७८ च्या प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या अल्मा आता परिषदेच्या आधी या प्रयोगाची जगभर चर्चा झाली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सरकारच्या ग्रामआरोग्य मार्गदर्शक योजनेवर आणि २००५ नंतरच्या आशा कार्यकर्तीवर जामखेडची छाप दिसते. नक्कल करताना एक गोष्ट मात्र सुटली. जामखेडची बाई गावाला उत्तर देत होती. आशाताईंच्या वाट्याला वरून येणारी उद्दिष्टे आणि नोंदवह्या आल्या. मेबल आरोळे १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले. प्रकल्प पुढच्या पिढीने चालू ठेवला आहे. गावांतले आजार बदलले, कुष्ठरोगाच्या जागी रक्तदाब आणि मधुमेह आले.

एचआयव्हीने जामखेडच्या पद्धतीची मर्यादा दाखवली. या आजारात गोळीच महाग होती. नगरमध्ये १९८९ पासून चित्रा गल्ली या वेश्यावस्तीतल्या स्त्रियांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या गिरीश कुलकर्णी आणि सहकाऱ्यांच्या ‘स्नेहालय’ संस्थेपुढे १९९० च्या दशकात हा प्रश्न उभा राहिला. आधार, आहार, संधिसाधू संसर्गांवर इलाज एवढेच करता येत होते, मूळ औषध आवाक्याबाहेर होते. ते आवाक्यात यायला कारण ठरला भारताचा १९७० चा पेटंट कायदा. औषधाच्या रेणूवर त्याने पेटंट नाकारले, फक्त बनवण्याच्या रीतीवर दिले. त्यामुळे भारतीय कंपन्यांना वेगळ्या रीतीने तेच औषध बनवता आले. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या ‘सिप्ला’ने तीन औषधांचा वर्षभराचा संच स्वयंसेवी संस्थांना ३५० डॉलरना देऊ केला. पाश्चात्त्य बाजारात त्याच उपचारांना वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर पडत. एप्रिल २००४ मध्ये केंद्र सरकारने निवडक रुग्णालयांत ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्रात सुरुवातीला त्यासाठी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जावे लागे. फुकट गोळीसाठी नगरहून मुंबई, आणि तीही दरमहा. पुढे केंद्रे जिल्ह्याच्या ठिकाणी आली, तेव्हा कुठे ती गोळी खऱ्या अर्थाने फुकट झाली.

हृदय आणि मूत्रपिंडाच्या आजारांचा मार्ग आणखी निराळा, कारण इथे यंत्र आणि शस्त्रक्रियागृह गावात नेता येत नाही. जैन समाजाने आचार्य आनंदऋषीजींच्या नावाने नगरमध्ये उभारलेले रुग्णालय आणि शिर्डी संस्थानचे २००६ चे सुपरस्पेशालिटी रुग्णालय यांनी सवलतीच्या दरात हृदयशस्त्रक्रिया आणि डायलिसिस उपलब्ध केले. दात्यांचा पैसा आणि देवस्थानाची दानपेटी यांच्यावर चालणारी ही सोय जिल्ह्याबाहेरच्या रुग्णांनाही ओढते. धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००६ पासून दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीने देणे बंधनकारक झाले. त्यानंतर विम्याच्या धर्तीची राज्य योजना आली. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये नगरसह उरलेल्या राज्यात लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत, पुढे ही मर्यादा पाच लाख झाली. डायलिसिस त्यात बसते. आठवड्याला दोन-तीनदा डायलिसिसला जाण्याचे भाडे बसत नाही. अकोल्याच्या डोंगरातल्या किंवा जामखेडच्या टोकाच्या रुग्णाने उपचार सोडले, तर त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

दुर्मीळ आजारात दोन्ही संकटे एकत्र येतात. औषध प्रचंड महाग, आणि निदान करणारा डॉक्टर जिल्ह्यात नसण्याचीच शक्यता जास्त. गोशे किंवा पॉम्पे यांसारख्या आजारात शरीरात एखादे विकर बनत नाही आणि ते आयुष्यभर सुईतून द्यावे लागते. मात्रा वजनावर ठरत असल्याने मूल वाढते तसा खर्चही वाढतो. वर्षाचा हिशेब सहज कोटीच्या घरात जातो. इथे शेजारणीचा पहारा किंवा घरपोच गोळी पुरत नाही. रुग्ण विखुरलेले असतात, म्हणून ज्ञान एका जागी गोळा करावे लागते आणि पैसा सबंध देशाच्या तिजोरीतून आणावा लागतो. केंद्राने २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचे धोरण आणले. आधी मदत २० लाखांची होती आणि तीही एकदाच करायच्या उपचारांपुरती. २०२२ मध्ये ती सर्व गटांसाठी ५० लाखांपर्यंत वाढली. महाराष्ट्रातले त्याचे केंद्र मुंबईचे केईएम रुग्णालय. पन्नास लाख ही रक्कम ऐकायला मोठी वाटते, पण जन्मभराच्या औषधासाठी ती एखादे वर्षही पुरेलच असे नाही.

किंमत पाडण्याचा जुना मार्ग इथेही उपयोगी पडतो, हे दोन उदाहरणांत दिसले. रक्ताच्या एका कर्करोगावरच्या इमॅटिनिब या औषधाला पेटंट नाकारणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी दिला. मूळ कंपनीचे औषध महिन्याला लाखाच्या वर होते, भारतीय कंपन्यांचे आठ-दहा हजारांत मिळत होते आणि ते मिळत राहिले. मणक्याच्या स्नायुक्षयावरच्या रिसडिप्लॅमची बाटली सहा लाखांच्या आसपास होती. न्यायालयीन लढ्यानंतर २०२५ मध्ये हैदराबादच्या ‘नॅटको’ने तेच औषध १६ हजारांच्या आत बाजारात आणले. वीस किलोच्या वरच्या रुग्णाला वर्षाला तीसेक बाटल्या लागतात. म्हणजे जन्मभर जवळपास पाच लाखांचा वार्षिक खर्च उरतोच, आणि जामखेड-पाथर्डीच्या जिरायत शेतीवरच्या कुटुंबाला तोही झेपणारा नाही. हे औषध तोंडावाटे घ्यायचे असल्याने मूल घरी राहून ते घेऊ शकते. जनुकीय तपासणी आणि सरकारी मदतीचे कागद यांसाठी मुंबईला जावे लागतेच.